पर्वताचे वय मोजायचे ते कुठून?

एव्हरेस्टच्या अगदी माथ्यावर चुनखडक आहे. ऑर्डोव्हिशियन कालखंडात, म्हणजे ४५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, गोंडवन भूखंडाच्या उत्तर किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात तो साचला, आणि ट्रायलोबाइट, क्रिनॉइड अशा समुद्रजीवांचे बारीक तुकडे आजही त्यात सापडतात. ज्या टकरीने हा समुद्रतळ ८,८४८.८६ मीटर उंचीवर नेऊन ठेवला, ती भारतीय आणि युरेशियन भूपट्टांची टक्कर मात्र साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली, आणि शिखराची आजची उंची त्यानंतर टप्प्याटप्प्याने मिळालेली आहे. हिमालय तरुण आहे, असे आपण शाळेपासून म्हणतो. ते टकरीच्या वयाबद्दल खरे आहे, खडकाच्या वयाबद्दल नाही. खडक कधी तयार झाला, कवच कधी दुमडले गेले आणि आजची उंची कधी आली, या तीन तारखा एकाच पर्वताच्या असल्या तरी त्यांच्यात कोट्यवधी वर्षांचे अंतर असू शकते. ‘तरुण पर्वत उंच, म्हातारे पर्वत बुटके’ हा पाठ्यपुस्तकातला नियम मला अर्धाच पटतो, तो यामुळेच.

नियमाच्या बाजूने बोलणारे पुरावे भक्कम आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. आठ हजार मीटरांवरची चौदाही शिखरे हिमालय आणि काराकोरम या दोनच रांगांत आहेत. याउलट युरोप आणि आशिया यांच्या सीमेवरची उरल पर्वतरांग २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीतून उभी राहिली आणि तिचे सर्वोच्च शिखर नरोदनाया अवघे १,८९५ मीटर आहे. आपली अरवली तर शंभर कोटींहून अधिक वर्षे मागे जाते. तिचे गुरुशिखर १,७२२ मीटर उंच आहे, आणि ईशान्येकडे दिल्लीपर्यंत पोहोचता पोहोचता ही रांग इतकी झिजते की शहरातून जाणाऱ्याला आपण एका पर्वताच्या टोकावरून चाललो आहोत याची जाणीवही होत नाही.

खरे कोडे वेगळेच आहे. पाऊस, नद्या आणि हिमनद्या पर्वत ज्या वेगाने झिजवतात तो पाहता, उरल किंवा अरवलीचा मागमूसही आज उरायला नको होता. मग ते टिकले कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा धागा भारतातच सापडला होता आणि ती हकिगत मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू असताना, आजच्या उत्तर प्रदेशातील कालियाना आणि मध्य प्रदेशातील कालियानपूर या दोन ठाण्यांमधले अक्षांशांचे अंतर दोन पद्धतींनी काढले गेले: एकदा जमिनीवर त्रिकोण मोजत आणि एकदा ताऱ्यांच्या वेधांवरून, ज्यात उभी दिशा ओळंब्यावरून ठरवतात. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) फरक आला. उत्तरेकडच्या हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार, हे उघड होते. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन हेन्री प्रॅट हे पट्टीचे गणिती होते. त्यांनी ही ओढ किती असायला हवी याचा हिशेब मांडला तेव्हा आकडा आला १५.८८५ विकलांचा. हिमालय ओळंब्याला अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश ओढत होता!

याचा खुलासा १८५५ मध्ये ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी केला. पर्वत हा जमिनीवर ठेवलेला जादा बोजा नसून त्याखाली हलक्या कवचाचे खोल मूळ असते, ते खालच्या जड थरात बुडालेले असते आणि वरच्या जादा वस्तुमानाची भरपाई या मुळाच्या हलकेपणाने होते, असे त्यांचे म्हणणे होते. पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाच्या लादीचाच हा प्रकार: लादी जितकी जाड, तितकी ती वर अधिक दिसते आणि खालीही अधिक बुडते. खंडांचे कवच सर्वसाधारणपणे ३५ ते ४० किलोमीटर जाड असते, तर हिमालय आणि तिबेटखाली ते ७० किलोमीटरच्या आसपास आहे. अर्थात एअरींच्या काळात हे मोजण्याचे कोणतेही साधन नव्हते.

याच मुळामुळे पर्वताचे म्हातारपण लांबते. माथ्यावरचा एक किलोमीटर खडक झिजून गेला की भार कमी होतो, मूळ वर सरकते आणि गेलेल्या उंचीपैकी आठ दशांशांहून अधिक उंची भरून निघते. परिणामी शिखर खरोखर एक किलोमीटरने खाली यायचे तर पाच-सहा किलोमीटर जाडीचा खडक वाहून जावा लागतो. झिजलेल्या पर्वतांत एकेकाळी जमिनीखाली खोलवर शिजलेले खडक आज उघडे पडलेले दिसतात, त्याचे कारणही हेच.

उत्तर अमेरिकेतील अपालेचियन रांग अशीच झिजलेली आहे. तिचे माउंट मिचेल हे शिखर २,०३७ मीटरांचे आहे. तिची घडण साधारण ४७ कोटी ते २६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात, एकामागून एक झालेल्या टकरींतून झाली आणि शेवटच्या टकरीत सारे भूखंड पॅन्जिया या एकाच महाखंडात जोडले गेले. पुढे, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीपासून, अटलांटिक महासागर उघडत गेला आणि त्याने या जुन्या पर्वतपट्ट्याचे तुकडे केले. म्हणून त्याच पट्ट्याचे भाऊबंद आज आयर्लंडमध्ये, स्कॉटलंडमध्ये, नॉर्वेत आणि मोरोक्कोत आढळतात. स्कॉटलंडचे बेन नेव्हिस १,३४५ मीटर, तर नॉर्वेचे गाल्डहोपिगन २,४६९ मीटर. मूळ पट्टा एक, पण नंतरचे नशीब प्रत्येकाचे वेगळे, आणि उंचीही वेगळी. उरल मात्र पॅन्जियाच्या त्या फाटाफुटीतून वाचला आणि खंडाच्या मधोमध जागच्या जागी राहिला.

नियमाला सर्वांत मोठा धक्का देते ती मध्य आशियातील तिआनशान. येथील कवच दुमडले गेले ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे ही रांग उरलच्या पिढीची. तीही झिजून जवळजवळ सपाट झाली होती. पण भारताने आशियाला दिलेला रेटा हजारभर किलोमीटर उत्तरेपर्यंत पोहोचला, जुने भ्रंश, म्हणजे कवचातल्या भेगा, पुन्हा सरकू लागले आणि झिजलेला प्रदेश गेल्या अडीच कोटी वर्षांत नव्याने उचलला गेला. आज तिचे जेंगिश चोकुसू हे शिखर ७,४३९ मीटर उंच आहे आणि काही ठिकाणी डोंगरमाथ्यांवर त्या प्राचीन सपाटीचे तुकडे तिरपे होऊन पडलेले दिसतात. या पर्वताला तरुण म्हणावे की म्हातारा?

अँडीजमध्ये तर दोन खंडांची टक्करच नाही. नाझ्का हा महासागरी भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकतो आहे, आणि तेवढ्यावर सुमारे ७,००० किलोमीटर लांबीची रांग आणि ६,९६१ मीटरांचे अकोन्काग्वा उभे आहे. येथे हवामानाचाही हात आहे, असे मानणारा एक विचार मला पटण्यासारखा वाटतो. अटाकामाच्या वाळवंटात पाऊस नसल्यामुळे झीज नगण्य आहे. समुद्राखालच्या खंदकात गाळ पोहोचत नाही, त्यामुळे दोन भूपट्टांमधले घर्षण वाढते आणि उंच पर्वताला आधार मिळतो. दक्षिणेकडे, पावसाच्या आणि हिमनद्यांच्या पॅटागोनियात, तीच रांग बरीच खुजी होते. न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समध्ये याची दुसरी बाजू दिसते. तेथे जमीन वर्षाला जवळपास एक सेंटिमीटर उचलली जाते, पण पश्चिम उतारावर काही ठिकाणी वर्षाला दहा मीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि सर्वोच्च आओराकी ३,७२४ मीटरांवरच थांबते.

झीज पूर्ण थांबली तर काय होते, तेही पृथ्वीवर एका ठिकाणी पाहायला मिळते, अर्थात रडारच्या साहाय्याने. पूर्व अंटार्क्टिकाच्या बर्फाखाली गॅम्बुर्त्सेव्ह नावाची अख्खी पर्वतरांग गाडलेली आहे. सोव्हिएत मोहिमेला ती १९५८ मध्ये सापडली. तिची शिखरे आणि दऱ्या आल्प्ससारख्या धारदार आहेत, कारण सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी बर्फाने तिला झाकले आणि नद्यांचे काम बंद पडले.

आता थोडे घरचे. ‘सह्याद्री हिमालयाहूनही जुना’ हे वाक्य आपल्याकडे ट्रेकर मंडळी अभिमानाने सांगतात. ते खोटे नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला, तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि आशियाशी टक्कर व्हायची होती. पण ही तुलना दोन वेगळ्या जातींची आहे. सह्याद्री दुमडलेला नाही. सेशेल्सचा भूभाग सुटून पश्चिम किनारा तयार झाल्यानंतर पठाराची जी कड उरली आणि झिजत मागे सरकली, ती हा पर्वत. कड्यांवरचे आडवे, सरळ थर हेच सांगतात. त्याची खरी बरोबरी दक्षिण आफ्रिकेतील ड्रॅकेन्सबर्गशी व्हावी. तेथील बेसाल्ट १८ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्या कातळाच्या जवळजवळ तिप्पट वयाचा आहे, आणि तरी लेसोथोमधले थाबाना न्टलेन्याना ३,४८२ मीटर उंच आहे, कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. दूर जायचेही कारण नाही. पश्चिम घाटातून दक्षिणेकडे गेले की गोव्याच्या आसपास बेसाल्ट संपतो आणि फार जुने खडक सुरू होतात. निलगिरीतला चार्नोकाइट हा खडक सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे आणि तेथील दोड्डाबेट्टा २,६३७ मीटर उंच आहे, तर बेसाल्टातले आपले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर.