देवळाली स्टेशन कधीचं? एका प्रश्नामागे सात महिने

तिसरीच्या वर्गात परिसर अभ्यास शिकवताना नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर रेल्वेची रेघ दाखवत होते. इगतपुरी, घोटी, देवळाली, नाशिकरोड, निफाड, लासलगाव, मनमाड. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, आपलं देवळाली स्टेशन कधीचं?" तिचे वडील रोज तिथूनच गाडी पकडतात. "शोधून सांगते," म्हणाले. त्या शोधण्याला सात महिने लागले.

सुरुवात स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवरून केली. मग भगूरमधले दोन-तीन निवृत्त रेल्वेवाले गाठले. सगळे एकच साल सांगायचे, 1865. इतकी माणसं एकच आकडा सांगतात म्हटल्यावर मीही तो फळ्यावर लिहिणार होते. पण कशाच्या आधारावर, हे कुणालाच सांगता येईना, म्हणून थांबले.

मग माहितीचा अधिकार. रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत, त्यामुळे केंद्राचे नियम लागतात: साधा अर्ज आणि 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर. मी लिहिलं, "देवळाली स्थानकाचा इतिहास कळवावा." तीस दिवसांच्या आत उत्तर आलं की अशी माहिती संकलित स्वरूपात नाही. फार वाईट वाटलं. एका ओळीत आमच्या स्टेशनचा निकाल लावल्यासारखं वाटलं. पुढे एका वकील मैत्रिणीने नीट समजावलं. या कायद्यात जे कागद आधीपासून आहेत तेच मागता येतात, आपल्यासाठी नवा इतिहास लिहून द्यायला अधिकारी बांधील नसतो. म्हणून "का", "कसं" विचारायचं नाही. नकाशा, नोंदवही, मंजुरीचा आदेश असं नाव घेऊन मागायचं, किंवा कागद स्वतः पाहायची परवानगी मागायची. पाहणीचा पहिला तास मोफत असतो, पुढे तासाला 5 रुपये आणि साध्या प्रतीला पानामागे 2 रुपये. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

दुसऱ्या अर्जाची वाट पाहताना नाशिक जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, उघडलं. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो खंड 16, साल 1883. राज्य शासनाने ही गॅझेटियरं इंटरनेटवर ठेवली आहेत, घरबसल्या वाचता येतात. शोधताना एकच अडचण येते: इंग्रजी कागदांत आपलं गाव कुठे 'देओलाली' आहे, कुठे 'देवलाली', आणि नाशिकचं 'नासिक'. एकाच स्पेलिंगने शोधलं की निम्मं हातचं जातं.

तो खंड आणि रेल्वेचा जुना कालक्रम शेजारी ठेवून वाचताना मी खुर्चीत सावरून बसले. बोरीबंदर ते ठाणे 16 एप्रिल 1853, कल्याण 1854, कसारा 1861. इथवर ठीक. पण इगतपुरी ते नाशिक हा पट्टाही 1861 चाच! 1 जानेवारी 1865 ला सुरू झाला तो मधला कसारा–इगतपुरी तुकडा, म्हणजे थळ घाट. 37 फुटांमागे 1 फूट चढ, वाटेत बोगदे, दऱ्यांवर पूल. आजही गाडी वर चढवायला कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. ते काम इतर पट्ट्यांच्या मागे राहणारच.

म्हणजे चार वर्षं घाटाखाली एक रेल्वे धावत होती आणि घाटावर दुसरी, एकमेकींना न जोडलेल्या. मधला घाट आग्रा रोडने चढायचा. आमच्या दारावरून गेलेल्या पहिल्या रुळांना मुंबई अजून जोडलेलीच नव्हती, हे वाचून मला अक्षरशः भरून आलं. 1865 हे साल खोटं नव्हतं, ते घाटाचं होतं. मुंबईची गाडी आली तेव्हापासून लोकांनी मोजलं.

दुसऱ्या अर्जावर पाहणी मिळाली. एका तासात काही नकाशे पाहिले, चार पानांच्या प्रती घेतल्या. त्याबद्दल एवढंच पुरे, कारण खरा ऐवज मिळाला तो लाम रोडवरच्या एका आजींकडे.

त्यांना साल विचारलं की त्या गप्प व्हायच्या. मग मी रीत बदलली. "बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?" असं विचारलं की झरझर आठवायचं. काळं इंजिन, पांढऱ्या लुगड्यावर पडणारे कोळशाचे कण, आणि मुंबईला जाताना इगतपुरीला बदलणारं इंजिन. या शेवटच्या आठवणीचा अर्थ मला कागदांनी दिला. इगतपुरीपर्यंतची वीज 1930 च्या सुमारास आली, 1500 व्होल्ट डीसी. आमच्या बाजूची 1960 च्या दशकाच्या अखेरीस, 25 हजार व्होल्ट एसी. दोन विजा वेगळ्या, म्हणून इंजिन बदलायचं. आजींच्या सासऱ्यांनी पाहिलेली देवळाली कॅम्पातली, म्हणजे इथल्या लष्करी छावणीतली, गोऱ्या सोल्जरांची गर्दीही त्यांनी सांगितली. मायदेशी परतणाऱ्या त्या सैनिकांना इथे महिनोन्‌महिने बोटीची वाट पाहावी लागे. त्यावरूनच 'डुलाली' हा वेड लागल्याचा शब्द इंग्रजीत गेला.

अलीकडची पानं लवकर भरली. 5 नोव्हेंबर 1951 ला जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, ही लाइन टाकणारी रेल्वे) मध्य रेल्वे झाली. देवळालीहून सुटणारी भुसावळ पॅसेंजर, आमची शटल, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबली. पुढे तिच्या जागी इगतपुरीहून मेमू, म्हणजे वेगळं इंजिन न लागणारी विजेची गाडी, आली. पण त्याच वर्षी, 7 ऑगस्टला, देशातली पहिली किसान रेल भाजीपाला आणि फळं घेऊन इथूनच बिहारमधल्या दानापूरला गेली. हे वाक्य मी वर्गासाठी केलेल्या तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं.

वर्गात तक्ता लावला तेव्हा वर दोन ओळी होत्या: रूळ 1861, घाट 1865. इमारतीसाठी वेगळी ओळ मुद्दाम ठेवली, कारण रूळ टाकले त्याच दिवशी आजची इमारत उभी राहिली असं मानायचं नसतं. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाई, इमारतीचे दगड मोजायला आपण शनिवारी जाऊ या का?" स्टेशन मास्तरांना द्यायचं परवानगीचं पत्र मी त्याच दुपारी लिहिलं.