मेल आलाच नाही

गेल्या महिन्यात पहाटे डेटाबेस बंद पडला आणि मला ते कळलं सकाळी, एका वापरणाऱ्याच्या फोनवरून. सर्व्हरच्या लॉगवर, म्हणजे त्यावरचे प्रोग्रॅम लिहीत असलेल्या नोंदींवर, मेल अलर्ट लावलेला होता. तरी इनबॉक्स रिकामा.

लॉग उघडला तर ओळ समोरच होती: ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’, पुढे डेटाबेसच्या प्रोसेसचा नंबर. मेमरी संपली म्हणून कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने, ती प्रोसेस मारली होती. मग मेल का नाही? सिसलॉगमध्ये, म्हणजे लॉग लिहिण्याच्या ठरलेल्या पद्धतीत, तीव्रतेच्या 0 ते 7 अशा पायऱ्या असतात. आकडा लहान, तितकं प्रकरण गंभीर. 2 म्हणजे क्रिटिकल, 3 म्हणजे एरर. लॉग हाताळणाऱ्या आरसिसलॉग या प्रोग्रॅमला मी सांगून ठेवलं होतं की क्रिटिकल किंवा त्याहून गंभीर असेल तरच मेल पाठव. कर्नल मात्र ही ओळ 3 वर लिहितो. पायरी ठरवतो प्रोग्रॅम लिहिणारा. माझा सर्व्हर कशाने झोपेल हे त्याला कुठून कळणार?

सगळे एरर मेलवर सोडायचे नाहीत, हे मी आधीच ठरवलं. इतके मेल कोणी वाचत नाही. चार दिवसांत त्यांच्यासाठी वेगळं फोल्डर होतं आणि ते कोणी उघडत नाही. म्हणून क्रिटिकलचा नियम तसाच ठेवला आणि मजकूर पाहून चालणारे दोन नियम जोडले: एक ‘किल्ड प्रोसेस’साठी, एक ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’साठी, म्हणजे डिस्क भरल्याच्या ओळीसाठी. मेल पाठवतो तो आरसिसलॉगचा ओममेल हा भाग; प्रत्येक नियमाला त्याची स्वतंत्र अॅक्शन, म्हणजे मेल पाठवण्याची सूचना, दिली. कारण अॅक्शनवर 3600 सेकंदांत एकच मेल अशी मर्यादा घातली की मधले संदेश थांबून राहत नाहीत, गळून जातात. तिन्ही नियम एकाच अॅक्शनवर असते तर आधीच्या किरकोळ ओळीने नंतरची मोठी ओळ गिळली असती.

खरी भीती वेगळीच निघाली. ओममेलला एसएमटीपी लॉगिन, म्हणजे बाहेरच्या मेल सर्व्हरला नाव-पासवर्ड देणं, जमत नाही, म्हणून मेल त्याच मशीनवरच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरकडे जात होते. पोस्टफिक्स मेल आधी डिस्कवरच्या रांगेत लिहितो. डिस्कच भरली तर? पोस्टफिक्सचं उत्तर 452, ‘इनसफिशियंट सिस्टम स्टोरेज’, म्हणजे जागा अपुरी, आणि मेल तिथेच अडला.

आता लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडे जातात आणि तिन्ही नियम तिथे चालतात. काल चाचणीच्या सर्व्हरची डिस्क मुद्दाम पूर्ण भरली आणि फोन हातात घेऊन बसले. मिनिटभरात मेल आला.