भाड्याच्या मशीनने गालिचा धुताना

लातुरात राहणाऱ्या माणसाला गालिचा धुवायचा म्हटले की आधी पाण्याच्या टाकीकडे पाहावे लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे गच्चीवर नळी सोडून गालिचा धुणे मनाला पटत नाही. आणि पाणी मुबलक असले तरी जाड गालिच्यासाठी ती पद्धत योग्य नाही, कारण तळापर्यंत मुरलेले पाणी पिळून काढता येत नाही. म्हणून यंदा उन्हाळ्यात साफसफाईची कंत्राटे घेणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून मी गालिचा धुण्याचे मशीन अनामत ठेवून भाड्याने आणले. या मशीनला दोन टाक्या असतात. एकीतले शाम्पू मिसळलेले पाणी फवाऱ्याने गालिच्यावर पडते आणि लगोलग ते मळासकट ओढले जाऊन दुसऱ्या टाकीत जमा होते. मशीन ताब्यात घेताना दोन्ही टाक्या उघडून पाहाव्यात. आधीच्या घरचे आंबूस पाणी किंवा उरलेला शाम्पू आत असेल, तर तो आपल्याच गालिच्यावर येतो. फवारा सगळीकडे सारखा पडतो की नाही आणि ओढणाऱ्या नळीला कोठे चीर गेली आहे का, हेही दुकानातच पाहून घेतलेले बरे.

मशीन लावण्यापूर्वी गालिचा कशाचा आहे हे ठाऊक हवे. कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळला, की जळक्या केसांचा वास आल्यास लोकर आणि वितळून कडक मणी झाल्यास कृत्रिम धागा समजावा. कृत्रिम धाग्याचा गालिचा या मशीनला चांगला मानवतो. लोकरीला कपड्यांची धुण्याची पावडर चालत नाही, कारण तिच्यातला खार लोकरीचा जीव काढतो. भदोही-मिर्झापूरकडचा हाताने विणलेला जुना गालिचा घरात असेल, तर हा प्रयोग त्याच्यावर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुती सतरंजीसाठी तर मशीन आणण्याची गरजच नाही. रंग सुटतो का हे पाहण्यासाठी ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा दाबून धरावा.

खरे काम मात्र पाण्याच्या आधीचे आहे. गालिच्यातला बहुतेक मळ कोरडा असतो, आणि आपल्याकडे तर उन्हाळाभर वावटळीबरोबर येणारा काळ्या मातीचा फुफाटा दारे लावली तरी घरात शिरतो. ही माती चिकण असल्यामुळे ओली झाली की फुगते आणि धाग्याला धरून बसते. आमच्या आत्याबाईंनी मशीन पाहिल्याबरोबर, “आधी बडवून घे, नाही तर आत चिखल कालवशील,” असे बजावले, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. गालिचा बाजेवर उलटा टाकून पाठीकडून काठीने बडवला, तेव्हा खालच्या फरशीवर पिठासारखी बारीक धूळ साचली. ती झाडून घेतली तरी पुढच्या फटक्याला पुन्हा तितकीच पडत होती. धूळ पडायची थांबेपर्यंत बडवावे, मग सुलट करून कोरडा व्हॅक्यूम उभा आणि आडवा असा दोन्हीकडून फिरवावा. एवढ्यानेच अनेक गालिचे पुरेसे स्वच्छ होतात, हे मशीन भाड्याने देणारा सांगत नाही.

शाम्पू बाटलीवर सांगितला असेल त्याहून थोडा कमीच घ्यावा. धाग्यांत उरलेला शाम्पू चिकट राहून नवी धूळ ओढतो, आणि धुतलेला गालिचा महिन्याभरात पुन्हा काळवंडण्याचे हेच मुख्य कारण आहे. आपल्या बोअरच्या पाण्यातील क्षारही वाळल्यावर धागा खरखरीत करतात, म्हणून शेवटचा हात तरी नळाच्या साध्या पाण्याचा द्यावा. फवारा मारत एकदा मागे ओढले, तर फवारा बंद ठेवून दोनदा ओढावे, आणि नळीतून जाणारे पाणी चहाच्या रंगावरून जवळजवळ स्वच्छ दिसू लागेपर्यंत हे चालू ठेवावे. हळदीच्या डागाने घाबरून जाऊ नये. खार असलेल्या साबणाने तो लाल होतो, आंबट पाण्याने पुन्हा पिवळा होतो आणि उरलेला रंग उन्हाने हळूहळू उडतो. मशीन जास्त वीज ओढते, तेव्हा त्याला पंधरा अँपिअरचाच प्लग द्यावा. बारीक वायरची एक्स्टेन्शन तापते.

वाळवण्याच्या बाबतीत मराठवाड्याचा उन्हाळा आपल्या बाजूने असतो. हवा इतकी कोरडी असते, की बाजेवर पसरून खालून वारा लागू दिला आणि वरून पंखा लावला, तर कडक ऊन दाखवण्याची गरज पडत नाही. त्या उन्हाने रंगही विटतात. हेच काम श्रावणात काढले, तर तळाचा ताग ओला राहून वर तपकिरी डाग येतात आणि कुबट वास धरतो. लोकर असेल, तर पुढे कसर लागण्याचेही भय असते.

इतके करूनही दारापासून सोफ्यापर्यंतचा पट्टा करडाच राहतो. तेथील धागे पायाखालच्या कचेने घासून बोथट झालेले असतात, त्यामुळे त्यांच्यावर प्रकाश पूर्वीसारखा चमकत नाही. तो मळ नव्हे, झीज आहे, आणि पुन्हा मशीन फिरवून ती जात नाही. आमच्या गालिच्याचा तो पट्टा आता दिवाणाखाली गेला आहे, आणि इतकी वर्षे दिवाणाखाली दबलेली बाजू दाराकडे आली आहे.