मूळ चित्र कुठंय?
"हे तर सगळे छाप. मग मूळ चित्र कुठं ठेवलंय?" प्रदर्शनात जपानी चित्रकार हिरोशिगेच्या १८५७ सालच्या, ओहाशी पुलावर कोसळणाऱ्या सरीच्या, लाकडी फळ्यांवरून छापलेल्या चित्रासमोर एका काकूंनी विचारलं. तो प्रश्न अजून डोक्यातून जात नाहीये.

मूळ चित्र उरतच नाही, काकू. पातळ कागदावरचं रेखाटन चेरीच्या फळीवर पालथं चिकटवतात आणि कोरणारा कागदासकट लाकूड कोरतो. रेषा राहते, कागद संपतो.

पुढे प्रत्येक रंगाला वेगळी फळी, वेगळा छाप. फळीच्या कडेला दोन खाचा असतात, केंतो: एक कोपऱ्याची, एक सरळ. कागद दर वेळी तिथेच टेकवायचा, तोही दमट. ओल उडाली की कागद आखडतो आणि रंग रेषेबाहेर जातो.

त्या चित्रातला पाऊस जवळून बघा. रेषांच्या दोन फळ्या, तिरपेपणा जरासा वेगळा, म्हणून सर इतकी दाट वाटते. वरचा काळा ढग मात्र कोरलेला नाही! ओलसर फळीवर रंग हाताने विरवत नेलाय, त्यामुळे प्रत्येक प्रतीत ढग थोडा निराळा.

पाटीवर नाव फक्त हिरोशिगेचं. कोरणाऱ्या आणि छापणाऱ्या हातांसाठी एक ओळ वाढवता आली नसती का?