विस्कॉन्सिनच्या डोंगरउतारासाठी यूटीव्ही निवडताना

यूटीव्ही म्हणजे शेतात आणि रानवाटांवर माणसे व सामान नेणारी छोटी चारचाकी गाडी. ती निवडताना आम्हाला आधी आमची जमीन पाहावी लागली. आमच्या 40 एकरांत सपाट म्हणावी अशी जागा जेमतेम 6 एकर आहे. बाकी सगळा उतार. ही जमीन पश्चिम विस्कॉन्सिनमधल्या व्हर्नन काउंटीत आहे, आणि तिथला प्रदेश मध्य-पश्चिम अमेरिकेच्या सपाट मैदानांसारखा मुळीच नाही. हिमयुगात आजूबाजूचा मुलूख हिमनद्यांनी घासून सपाट केला, पण हा पट्टा त्यांच्या तडाख्यातून सुटला. त्यामुळे येथे अरुंद डोंगरसोंडा आणि त्यांच्यामध्ये खोल दऱ्या जशाच्या तशा राहिल्या. माझे वडील साताऱ्याहून पहिल्यांदा आले तेव्हा गाडीतून उतरताच म्हणाले, "हे तर आपल्या जावळीसारखंच आहे की रे."

घर सोंडेच्या माथ्यावर, त्याखालच्या उतारावर सफरचंदाची 70 झाडे, त्याच्याही खाली जंगल आणि अगदी तळाशी ओढा, अशी जमिनीची मांडणी आहे. जंगलातली अ‍ॅशची झाडे एमराल्ड अ‍ॅश बोरर या किडीने एकामागून एक वाळत चालली आहेत. ही कीड विस्कॉन्सिनमध्ये 2008 साली प्रथम सापडली. वाळलेले अ‍ॅश फार ठिसूळ होते आणि त्याच्या फांद्या अचानक तुटून खाली येतात, म्हणून अशी झाडे वेळेवर पाडणे आणि लाकूड वर आणणे हे दर हिवाळ्याचे काम होऊन बसले. पहिली काही वर्षे आम्ही पिकअप ट्रक आणि हातगाडीवर निभावले. पण ओल्या गवतावर पिकअप एकदा खाली उतरला की स्वतःच्या बळावर वर येत नसे, आणि 70 झाडांना फवारणीचे पाणी हातगाडीने नेणे माझ्या पत्नीच्या आणि माझ्या पाठीला परवडणारे नव्हते.

लहान ट्रॅक्टर घ्यावा असे शेजारच्या दूध उत्पादकाचे मत होते. त्याच्या पलीकडे एक आमिश, म्हणजे आधुनिक यंत्रे टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, कुटुंब आहे. ते हेच काम घोड्यांच्या जोडीने करतात आणि ओंडके ओढताना त्यांचे घोडे पाहणे हा माझ्यासाठी आजही आनंदाचा भाग आहे. ट्रॅक्टरचा विचार मी बराच केला. तथापि आम्हाला माणसे आणि सामान एकाच फेरीत न्यायचे होते, आणि शनिवारी काम संपल्यावर त्याच गाडीतून मुलीला घेऊन रानवाटांवर फिरायलाही जायचे होते. एका माणसासाठी बनवलेल्या, हँडलबारच्या एटीव्हीवर हे जमत नाही. शेजारी-शेजारी बसण्याची आसने, स्टीअरिंग, सीटबेल्ट, डोक्यावर लोखंडी पिंजरा आणि मागे सामानाचा हौदा असलेली यूटीव्ही, म्हणजेच साइड-बाय-साइड, हाच प्रकार आमच्या कामाचा ठरला. कावासाकीचे म्यूल 1988 पासून शेतावर आणि कारखान्यांच्या आवारात राबत आले आहे. पुढे याच कुळातून निव्वळ वेगासाठी बनवलेल्या गाड्याही निघाल्या. आम्हाला हवी होती ती या दोन टोकांच्या मधली गाडी, आणि निवड करायला सर्वांत अवघड तीच.

जाहिरातींत अश्वशक्ती मोठ्या अक्षरांत असते. मी सुरुवातीला तिच्याच मागे लागलो होतो. मग पत्नीने सुचवले की आपण एक पूर्ण हंगाम, कोणत्या दिवशी काय, किती आणि कुठून कुठे नेले, ते वहीत लिहू. या वहीने माझे विचार जितके स्पष्ट केले तितके दुसऱ्या कशानेही केले नाहीत. 50 गॅलन पाण्याचे वजन सुमारे 417 पौंड, म्हणजे जवळजवळ 190 किलो भरते. टाकी, पंप आणि नळी वेगळी. लाकडाची एक पूर्ण कॉर्ड म्हणजे 128 घनफूट रास, आणि ओल्या अ‍ॅशची ती रास पावणेदोन टनांच्या आसपास जाते, म्हणजे हौद्यात एका वेळी तिचा चौथा हिस्साही भरला तरी पुष्कळ झाले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की हौद्याची क्षमता आणि गाडीची एकूण भारक्षमता हे दोन निरनिराळे आकडे असतात. बऱ्याच मोठ्या यूटीव्हींच्या हौद्यावर 1,000 पौंडांचा आकडा असतो, पण एकूण भारात बसलेली माणसेही धरावी लागतात, आणि नंतर बसवलेली काच, छप्पर, दारे, हीटर व विंच (दोराने ओढून घेणारे यंत्र) यांचे वजनही त्याच आकड्यातून वजा होते. तीन प्रौढ माणसे आणि बंद केबिन धरल्यावर काही गाड्यांत हौदा निम्मा भरला तरी मर्यादा गाठली जात होती. हे गणित मी विक्रेत्याकडे जाण्याआधी घरीच केले, याचे मला आजही समाधान आहे.

दुसरा धडा वडिलांनी दिला. त्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे होते. पसरणीच्या घाटातून भरलेली ट्रॉली घेऊन उतरण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. मी त्यांना कोणती गाडी किती चढ चढते ते सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "चढते ते कळलं. भरलेली गाडी उताराला लागली की तिला धरतं कोण? ब्रेक एकटाच धरत असेल तर ती गाडी आपल्या कामाची नाही."

या प्रश्नामुळे माझे लक्ष इंजिनावरून गिअरच्या रचनेकडे वळले. बहुतेक यूटीव्हींत रबरी पट्ट्यावर चालणारे सीव्हीटी, म्हणजे टप्प्यांशिवाय आपोआप बदलणारे गिअर, असते. ते हलके व गुळगुळीत चालते, पण जड भार ओढताना हाय रेंजमध्ये, म्हणजे वेगाच्या गिअरमध्ये, ठेवले तर पट्टा घसरून तापतो. मी हे स्वतः अनुभवले. आठवडाभरासाठी भाड्याने घेतलेल्या एका गाडीला ओल्या लाकडाचा ट्रेलर जोडून मी हाय रेंजमध्येच चढण घेतली. अर्ध्यावर जळक्या रबराचा वास आला, इंजिन गरगरत राहिले आणि गाडी जागीच थांबली. चूक माझीच होती, कमी वेगाची पण जास्त जोराची लो रेंज त्यासाठीच दिलेली असते. शिवाय उतरताना इंजिनाचा वेग फार कमी झाला की सीव्हीटीची पकड सुटू शकते, म्हणून त्यात इंजिन ब्रेकिंगची वेगळी सोय आहे का, हे विचारावे लागते. दुसरा प्रकार हायड्रोस्टॅटिक, म्हणजे दाबाखालच्या तेलावर चालणारा. कुबोटाच्या डिझेल आरटीव्ही या वर्गातल्या. त्यात पायडलवरून पाय काढला की गाडी आपोआप आवरली जाते. उताराच्या कामासाठी मला ही रचना अत्यंत भरवशाची वाटली, मात्र रस्त्यावर तिचा वेग कमी पडतो आणि आमचा फिरण्याचा अर्धा हेतू मागे राहतो. तिसरा प्रकार होंडाच्या पायोनियर 1000 मधला, ज्यात पट्टा नसून मोटारीसारखे दात्यांचे गिअर आहेत आणि ड्युअल क्लचमुळे ते आपोआप बदलतात.

पहिल्या विक्रेत्याने त्याच्या डांबरी अंगणात दोन फेऱ्या मारू दिल्या. भार घालून उतारावर चालवण्याची विनंती त्याने मान्य केली नाही. सपाट अंगणात सर्वच गाड्या सारख्याच चांगल्या वाटतात, म्हणून मी तिथे पुढे बोलणी केली नाहीत. दुसऱ्याच्या जागेमागे मुरुमाचा चढ होता. त्याने हौद्यात वाळूच्या पोत्यांचे 500 पौंड भरू दिले. मी लो रेंजमध्ये, ब्रेकवरून पाय काढून, तीच उतरण तीन गाड्यांतून उतरलो. वडील खाली उभे राहून केवळ मागची चाके पाहत होते.

फिरण्याच्या बाजूने कायदा आधी वाचावा लागला. विस्कॉन्सिनमध्ये यूटीव्ही चालवण्यासाठी किमान 16 वर्षे वय लागते, आणि 1 जानेवारी 1988 किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. आमची मुलगी तेव्हा 14 वर्षांची होती. ती नाराज झाली, परंतु या बाबतीत आम्ही दोघेही ठाम राहिलो, कारण उतारावर आडवी वळवलेली गाडी उलटते तेव्हा बाहेर काढलेला हात किंवा पाय पिंजऱ्याखाली सापडतो. 18 वर्षांखालील मुलांना हेल्मेटही बंधनकारक आहे. आमच्याकडे सगळेच घालतात. फक्त स्वतःच्या जमिनीवर वापरायची गाडी आणि सार्वजनिक वाटांवर न्यायची गाडी यांची नोंदणी वेगवेगळी असते, तेव्हा आम्ही सार्वजनिक वापराचीच केली. येथील कित्येक गावांनी आपले रस्ते यूटीव्हींसाठी खुले केले असून तिथे तशा पाट्या असतात. ब्लॅक रिव्हर राज्य वनातल्या वाटाही आमच्यापासून फार दूर नाहीत. मात्र काही अरुंद रानवाटांवर 50 इंचांहून रुंद गाडी चालत नाही. अशा वाटा आम्ही सोडून दिल्या, कारण अरुंद गाडी आडव्या उतारावर कमी स्थिर असते आणि आमचा उतार रोजचा आहे.

विजेवर चालणारी पोलारिसची रेंजर काइनेटिक पत्नीला मनापासून आवडली होती, कारण तिच्या आवाजाने बागेतले पक्षी उडून जात नाहीत. पण आमच्या कोठारापर्यंत पुरेशा क्षमतेची वीज नव्हती आणि कडाक्याच्या थंडीत बॅटरीचा पल्ला घटतो, त्यामुळे तो विचार आम्ही पुढच्या वेळेसाठी ठेवला.

शेवटी आम्ही पायोनियर 1000 चा पाच आसनी प्रकार घेतला, तीन वर्षे वापरलेला. त्याच्या हौद्याच्या तळातून मागची दोन आसने उलगडतात. ती मिटली की पूर्ण हौदा परत मिळतो. आठवडाभर लाकूड वाहणारी गाडी शनिवारी पाच जणांची होते, हे आमच्या घराला नेमके लागू पडले. वापरलेली गाडी तपासताना मी सर्वप्रथम एअर फिल्टरचे झाकण उघडले. फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत धुळीचा थर असेल तर बाहेरून गाडी कितीही चकचकीत असो, इंजिनाने माती खाल्लेली असते. याच कारणासाठी दोन गाड्या मी नाकारल्या. त्यानंतर ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट फाटले आहेत का आणि तळाच्या संरक्षक पत्र्यावर खोल मार आहेत का, ते पाहिले. किमतीबाबत एकच सांगतो: वाहतूक, जोडणी, कागदपत्रे आणि कर धरून गाडी आपल्या अंगणात येईपर्यंतचा एकूण आकडा लेखी घ्यावा. एका ठिकाणी फलकावरची किंमत आणि अंतिम किंमत यांत आम्हाला मोठी तफावत दिसली होती.

गेल्या वसंतात सगळी फवारणी दोन सकाळींत आटोपली. पूर्वी तिला दोन शनिवार-रविवार लागत. वडील शरदात पुन्हा आले तेव्हा माथ्यावरून ओढ्याकाठी बांधायच्या लाकडी पुलाच्या फळ्या मी खाली नेत होतो. ते शेजारी बसले, सीटबेल्ट लावला, आणि उतार सुरू होताच माझ्या ब्रेकच्या पायाकडे पाहू लागले. तळाशी पोहोचेपर्यंत पाय ब्रेकवर गेला नाही. "धरते," एवढेच ते म्हणाले आणि फळ्या उतरवायला लागले.

आता घरापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा बर्फ ढकलण्यासाठी पुढे पाते बसवावे का, याचा हिशेब त्याच वहीत चालू आहे. पाते आणि त्याची चौकट यांचे वजन पुढच्या स्प्रिंगांवर येईल आणि एकूण भारातूनही तेवढे कमी होईल, तेव्हा लाकडाचा हंगाम संपल्यावर ते चढवायचे आणि फवारणीआधी उतरवायचे, असा सध्या आमचा विचार आहे.