हे नॉर्मल आहे, सर

नवी गाडी ताब्यात घेण्याच्या आदल्या दिवशी मी शोरूमच्या मागच्या आवारात हातात बॅटरी घेऊन दीड तास उकिडवा बसलो होतो. टायरच्या कडेवर लांबट चौकटीत चार आकडे उठवलेले असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे, एवढे ज्ञान मी मिळवून ठेवले होते आणि ते कोणावर तरी वापरल्याशिवाय मला चैन पडणार नव्हते. पाचही टायर मी वाचले. चॅसिसचा सतरा अक्षरांचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी, एक अक्षर बिलावरचे आणि एक गाडीवरचे, असा मोठ्याने म्हणत ताडून पाहिला. रंगावर कुठे ओरखडा आहे का हे पाहण्यासाठी बॅटरी तिरकी धरली, दारांच्या फटी बोटांनी मोजल्या, डिकीतली चटई उचलून खालची जॅक-पान्याची पिशवी पाहिली. शोरूमचा मुलगा शेजारी उभा राहून प्रत्येक वेळी मान डोलवत होता. त्याने माझ्यासारखे बरेच पाहिले असावेत. सगळे ठीक निघाले. मी समाधानाने सही केली आणि दुसऱ्या दिवशी हार, नारळ, चार लिंबे अशा सर्व तयारीनिशी गाडी नाशिकच्या आमच्या सोसायटीत येऊन उभी राहिली.

आठव्या दिवशी आवाज सुरू झाला. बॅटरीच्या उजेडात दिसणारे सगळे मी पाहिले होते; ऐकू येणारे पाहायचे राहून गेले होते.

हा आवाज मागून, डाव्या खांद्याच्या दिशेने येई. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आणि वेग चाळिशीच्या आसपास असला, रस्ता खडी वर आलेल्या डांबराचा असला आणि ऊन बऱ्यापैकी तापलेले असले, म्हणजे तो हमखास येई. गुळगुळीत रस्त्यावर नाही, सकाळी सातला नाही, पाऊस पडत असताना नाही. मागच्या सीटवर कोणी बसले असेल तर अर्धवट. पत्नीला मी तो तीनदा ऐकवण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘‘अहो, तुम्ही बोलायचं थांबवलंत तर ऐकू येईल कदाचित.’’ मी थांबलो. तेव्हा तोही थांबला.

सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब कार्ड भरणाऱ्या तरुणाने तक्रारीच्या रकान्यात ‘रिअर साइड नॉइज’ असे तीन शब्द लिहिले आणि पेन खाली ठेवले. मला ते फार अपुरे वाटले. मराठी माणसाच्या गाडीला नुसता नॉइज कधी येत नाही. त्याच्या गाडीत कुरकुर असते, करकर असते, खुळखुळ, खडखड, घरघर, कचकच, चुईचुई असते आणि यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. जुन्या गॅरेजमधला मिस्त्री निम्मे निदान शब्दावरूनच करत असे. खुळखुळ म्हटले की बंद पोकळीत काहीतरी सुटे पडले आहे, मग तो नटबोल्ट असो की दाराच्या आत पडलेले नाणे. करकर म्हटले की दोन कोरडे पृष्ठभाग एकमेकांवर घासत आहेत. खडखड खालून येते, तिथे सस्पेन्शनमधले बुश आणि लिंक पाहायच्या. घरघर वेगाबरोबर चढत गेली तर बेअरिंग. कुरकुर मात्र प्लास्टिकची, आणि तिचा इलाज सर्वांत अवघड, कारण ती उन्हाप्रमाणे बदलते. पत्रा आणि प्लास्टिक सारख्याच उन्हात सारखे पसरत नाहीत. प्लास्टिक कितीतरी जास्त पसरते. सकाळी एकमेकांत नीट बसलेले दोन भाग दुपारी एकमेकांना ढोसू लागतात आणि संध्याकाळी पुन्हा सभ्यपणे बाजूला होतात. मी हे सगळे त्या तरुणाला सांगितले आणि शेवटी म्हटले, ‘‘हा आवाज कुरकुर आणि टकटक यांच्या मधला आहे.’’ त्याने ऐकून घेतले. खोडून काही लिहिले नाही.

नंतर त्याने गाडीत मागे बसून मला गाडी चालवायला सांगितली. मी मुद्दाम रस्त्याचे काम चाललेल्या बाजूने घेतली, तिसरा गिअर, वेग चाळीस. गाडी अशी शांत चालली की मला तिचा राग आला. आधी मी फोनवर आवाज मुद्रित करून ठेवला होता, तो लावून दाखवला. तर त्या हुशार फोनने इंजिन आणि रस्त्याबरोबर माझी कुरकुरही गाळून टाकली होती आणि शिल्लक राहिला होता तो ‘‘आता आला, आता आला’’ असे ओरडणारा माझाच स्वर. परत येताना तरुण अतिशय नम्रपणे म्हणाला, ‘‘हे नॉर्मल आहे, सर. या मॉडेलमध्ये सगळ्यांनाच येतो.’’

या वाक्याने मला त्या क्षणी फार बरे वाटले, आणि गाडी फाटकाबाहेर काढेपर्यंत तितकेच वाईट वाटले. आवाज जर सगळ्यांनाच येत असेल तर तो नॉर्मल कसा ठरतो? गावातल्या सगळ्या विहिरींचे पाणी खारट निघाले म्हणून खारट पाण्याला गोडे म्हणत नाहीत. पण मनाचा व्यवहार असा विचित्र असतो की आपला दोष सामाईक आहे हे कळताच त्याचा डंख कमी होतो. मलाही आता गाडी दुरुस्त होण्यापेक्षा, दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत तोच आवाज ऐकण्याची ओढ लागली.

समोरच्या इमारतीतल्या काकांकडे हेच मॉडेल होते, रंगही पांढराच. आजवर आमचा परिचय मान हलवण्यापुरता होता. रविवारी ते गाडी पुसत असताना मी जवळ गेलो आणि इकडतिकडचे काही न बोलता विचारले, ‘‘काका, तुमच्या गाडीला मागून आवाज येतो का हो?’’ त्यांनी फडके बॉनेटवर ठेवले, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘डावीकडून ना?’’ त्या दिवसापासून आमचे घरोब्याचे संबंध आहेत.

काकांच्या तक्रारींचा साठा माझ्याहून संपन्न होता. एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटे ओल्या फडक्यासारखा वास येतो, हे त्यांनी सांगितले तेव्हा मला माझ्याही गाडीत तो येऊ लागला. आतल्या गार होणाऱ्या जाळीवर हवेतली वाफ पाणी होऊन साचते, गाडी बंद केल्यावर ती ओल तशीच राहते आणि तिथे बुरशी धरते. म्हणून घर यायच्या चार-पाच मिनिटे आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, हा त्यांचा उपाय. तो लागू पडतो. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला चाकातून खर्रखर्र येते, त्याचे मात्र काही करायचे नाही. रात्रभरात ब्रेकच्या बिडाच्या चकतीवर धरलेला गंजाचा पापुद्रा असतो तो, आपोआप घासला जातो. ही एकच गोष्ट आम्ही दोघांनी खरोखरच नॉर्मल म्हणून स्वीकारली आहे. डॅशबोर्डवरचा पडदा मध्येच काळा पडणे आम्ही स्वीकारलेले नाही. माझा कसारा घाटात पडला. गाणे गेले, नकाशा गेला, आणि एसीचे आकडेही त्याच पडद्यावर असल्याने थंडावा कमी करण्याची सोयही गेली. उपाय काय, तर बटण दहा सेकंद दाबून धरायचे. काळ्या पडद्याला हात लावून, डोळे वळणावर ठेवून दहापर्यंत मोजणे ही घाटात करण्याची गोष्ट नव्हे.

आता या गाडीच्या जातीविषयी थोडे सांगितले पाहिजे. डिकीवाली गाडी घेणे हा सध्या जवळजवळ हट्टीपणा समजला जातो. आमच्या वाहनतळात पाहावे तिकडे उंच, छाती काढून उभ्या असलेल्या गाड्या आहेत. त्यांच्यात माझी गाडी पंगतीत पाटावर बसलेल्या माणसासारखी दिसते. माझी आई तिच्यात बसताना दरवेळी म्हणते, ‘‘विहिरीत उतरल्यासारखं वाटतं रे.’’ उतरताना ती काही म्हणत नाही, नुसता हात पुढे करते. या बुटकेपणाचा खरा हिशेब गतिरोधकावर होतो. गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा साधारण साडेसोळा सेंटिमीटर, तीही गाडी रिकामी असताना. पाच माणसे, डिकीत दिवाळीचा फराळ आणि तांदळाचे पोते अशी गाडी भरली की ती आणखी खाली बसते. रस्त्यांच्या मानकांप्रमाणे साध्या गतिरोधकाचा उंचवटा १० सेंटिमीटर आणि त्याची रुंदी ३.७ मीटर असायला हवी, म्हणजे चाक वर चढून सावकाश खाली येते. आमच्या गल्लीतला गतिरोधक कोणाच्या तरी स्लॅबचे उरलेले काँक्रीट रात्रीत ओतून तयार झालेला आहे. रुंदी दीड हात, उंची मोजण्याची माझी हिंमत नाही. त्यावरून गाडी तिरकी घ्यावी लागते, आणि सगळे बसलेले असतील तर ‘‘मागच्यांनी जरा उतरा’’ असे म्हणावे लागते. तिघेजण उतरतात, गाडीबरोबर चालत पलीकडे जातात आणि पुन्हा बसतात. लग्नाच्या कपड्यांत हे दृश्य विशेष शोभते.

मायलेजवर मात्र काकांचे आणि माझे पटले नाही. कंपनीने लिटरला २० किलोमीटरच्या वरचा आकडा दिला होता. मला शहरात साडेतेरा मिळतात. काका याला फसवणूक म्हणतात. माझे म्हणणे असे की तो आकडा खोटा नाही, परक्या जगातला आहे. गाडी प्रयोगशाळेत फिरत्या रुळांवर उभी करून ठरलेल्या लयीत पळवतात. तिथे वेग ९० च्या पुढे जात नाही, एसी बंद असतो, आणि मुख्य म्हणजे तिथे आमच्या नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाचा, सीबीएसचा चौक नसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. तेवढ्याच आकारमानाच्या पेट्रोलपेक्षा इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, त्यामुळे वीस टक्के मिसळले की लिटरमागे सहा-सात टक्क्यांचा फटका गणितानेच येतो. मी हे निफाडला मामेभावाच्या ओट्यावर बसून तावातावाने मांडत होतो. त्याचा चार एकर ऊस आहे. तो शांतपणे म्हणाला, ‘‘दादा, तुझ्या टाकीत आमचाच ऊस आहे, जपून जाळ.’’ पुढे मला बोलता आले नाही.

निफाडची आणखी एक आठवण याच गाडीची आहे. जानेवारीत तिथे पारा कसा उतरतो हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. पहाटे गाडी सुरू केली तर समोर पिवळा दिवा: चाकात हवा कमी. चारही चाकांत कमी. माझ्या डोळ्यांसमोर निफाडच्या बाभळीचे काटे आले. मी चारही टायरभोवती फिरलो, खाली वाकलो, हात फिरवला, काहीच नव्हते. मग लक्षात आले की दुपारच्या उन्हात, चालून तापलेल्या टायरमध्ये मी ३३ पॉइंट हवा मोजून घेतली होती, आणि तापमान दहा अंशांनी उतरले की तीच हवा आकसून दीडेक पॉइंट कमी दाखवते. इथे तर पंचवीस अंशांचा फरक होता. ऊन वर आल्यावर दिवा आपोआप विझला. नव्या गाडीचे हे एक दुखणेच आहे. जुनी गाडी काही सांगत नव्हती आणि आपण सुखी होतो. ही थंडी वाजली तरी सांगते.

कुरकुरीचेही मूळ कदाचित इथेच असावे. माझी आधीची गाडी बारा वर्षांची होती. तिचे इंजिन, दारे, काचा सगळेच एकदम बोलत, त्यामुळे एकट्यादुकट्याचे कोणाला ऐकू येत नसे. नव्या गाडीत इंजिन चालू आहे की नाही हे काट्याकडे पाहून समजते, आणि अशा शांततेत प्लास्टिकची एक फट सबंध प्रवास व्यापून टाकते.

ती फट शेवटी मामेभावानेच शोधली. त्याच दुपारी ट्रॅक्टरच्या चाकोरीच्या रस्त्याने तो मागे बसून आला, सीटवर उलटा गुडघ्यांवर, खेळणाऱ्या मुलासारखा, आणि मागच्या काचेखालच्या फळीवर एकेक जागी तळहात दाबत राहिला. उंचावरचा जो ब्रेकचा लाल दिवा असतो, त्याच्या काळ्या झाकणावर हात पडताच आवाज बंद झाला. हात काढला, सुरू झाला. असे त्याने चारदा केले. मला त्याहून गोड संगीत आठवत नाही. मग त्याने खिशातला हातरुमाल काढला, घडी घालून झाकण आणि काच यांच्या मध्ये बोटाने सारला, आणि आम्ही नाशिकपर्यंत मुकाट्याने आलो.

पुढच्या सर्व्हिसला गाडी दिली. परत आली तेव्हा धुऊन लखलखीत, आणि सोसायटीच्या वळणावर पुन्हा कुरकुर. रुमाल त्यांनी काढून, धुऊन, इस्त्री केल्यासारखी घडी घालून समोरच्या कप्प्यात ठेवला होता. मी तो पुन्हा जागेवर बसवला. त्यापुढच्या सर्व्हिसला मी तरुणाला स्पष्ट सांगितले की त्याला हात लावायचा नाही. त्याने मान डोलावली आणि जॉब कार्डवर गाडीसोबत जमा झालेल्या वस्तूंच्या यादीत, स्टेपनी, जॅक आणि पायपुसण्या यांच्याखाली, व्यवस्थित अक्षरात लिहिले: हातरुमाल, १.

ते कार्ड मी काकांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले आणि गंभीरपणे विचारले, ‘‘सुती की टेरिकॉट?’’