जिप्सीच्या शॅकल हँगरचं वेल्डिंग : माझा अनुभव

माझी गाडी मारुती जिप्सी, 1.3 लिटर, सेकंडहँड घेतलेली. हिला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे, त्यामुळे खाली वाकून बघितलं की सगळं दिसतं आणि रिपेअर कुठल्याही गॅरेजला होतं. पण कुठेही होतं म्हणून कोणीही करतं, आणि मग त्याचं निस्तरत बसावं लागतं ते पुढच्या मालकाला, म्हणजे मला.

पाट्याचं एक टोक शॅकल नावाच्या हलत्या दुव्याने चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे लटकतं तो ब्रॅकेट म्हणजे शॅकल हँगर. पुढच्या डाव्या शॅकल हँगरपाशी आधीच्या मालकाने एक प्लेट मारून घेतलेली. चांगली जाडजूड, चौकोनी कापून चासीवर चारही बाजूंनी वेल्डिंगचा रॉड फिरवून चिकटवलेली. गाडी घेताना माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने बोट ठेवून दाखवलं होतं की हे कधीतरी निघणार, आणि त्या हिशोबाने भाव पाडूनच घेतली. निघालंच. तैलबैलच्या बाजूला दगडातून जाताना पुढून कट्‌ कट्‌ आवाज यायला लागला आणि परत येताना ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. घरी येऊन प्रेशरने धुवून बघितलं तर प्लेटच्या उभ्या कडेला लागूनच चासीवर बारीक रेघ. प्लेट अगदी शाबूत हां, तिला काही झालेलं नाही, चासी गेली.

हे असं का होतं ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं काम त्यावरच आहे. शिडीसारखी चासी थोडी थोडी पिळवटतच असते, ती तशीच बनवलेली असते. मधेच एका जागी जाड प्लेट चिकटवली की तो तुकडा वाकायचा बंद होतो आणि सगळं वाकणं प्लेट संपते तिथे गोळा होतं. त्यात वेल्डिंगची आडवी-उभी रेघ नेमकी तिथेच, म्हणजे धातू भाजून आधीच कमजोर झालेला. शिवाय जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं आणि फिक्स पिन मागे. चाक दगडाला समोरून धडकलं की पाट्याला मागे सरकायला जागा नाही, धक्का थेट चासीला.

दोन-तीन ठिकाणी दाखवलं. सगळ्यांचं उत्तर एकच, अजून एक प्लेट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. शेवटी भोसरीत एक फॅब्रिकेशनवाले मिस्त्री सापडले, त्यांचं रोजचं काम जेसीबीचे बकेट आणि ट्रॉल्या. ते रेघेकडे बघून पहिलं वाक्य बोलले, "दादा, आधी जुनी प्लेट काढायची, मग काय ते बोलू." मी तिथेच गाडी सोडली.

तयारीत वेळ गेला तो गेलाच. चासीखाली घोड्या लावून चाकं काढली, पुढचे पाटे उतरवले, रबरी बुश काढून बाजूला ठेवले नाहीतर उष्णतेने जळतात. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढले आणि इसीएमचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, कनेक्टरही. अर्थिंगचा क्लॅम्प मिस्त्रींनी वेल्ड करायच्या जागेपासून वीतभर अंतरावर, ग्राइंडरने पांढरं केलेल्या पत्र्यावर लावला. कुठेतरी लांब अ‍ॅक्सलला क्लॅम्प लावून मोकळे होणारे खूप आहेत, पण मग करंट वाटेतल्या सांध्यांमधून, बेअरिंगमधून जातो आणि तिथे खड्डे पडू शकतात.

जुनी प्लेट ग्राइंडरने सोडवली तेव्हा आतून सुकलेला चिखल आणि गंजाचे पापुद्रे पडले. जिप्सीची चासी बंद चौकोनी असते, त्यात पाणी एकदा शिरलं की बाहेर यायला मार्ग शोधत बसतं. मग डाय टेस्ट, म्हणजे रंग मारून डोळ्याला न दिसणारा क्रॅक शोधायचा. आधी क्लीनरने लख्ख पुसलं, लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं तशीच ठेवली, मग फडक्यावर क्लीनर घेऊन वरवरची पुसली (थेट स्प्रे मारायचा नाही, क्रॅकमधली पण निघून जाते), आणि वरून पांढरा डेव्हलपर. बघता बघता पांढऱ्यावर लाल रेघ उमटत गेली, आणि जिथे डोळ्याला क्रॅक संपलेला दिसत होता त्याच्या पुढे चांगली बोटभर गेली, वळून हँगरच्या मुळापर्यंत. हे न करता वेल्ड केलं असतं तर ते बोटभर आतच राहिलं असतं. किट काही महाग नाही, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळतं.

क्रॅकच्या दोन्ही टोकांना, दिसतं त्याच्या किंचित पुढे, 4 एमएमचं ड्रिल मारलं म्हणजे तो पुढे पळत नाही. मग रेघेवरून व्ही ग्रूव्ह, म्हणजे व्ही आकाराची खाच. रॉड 7018, आधी बारीक बारा नंबर म्हणजे 2.5 एमएम, डीसी मशीन, रॉड प्लसला. 7018 लो हायड्रोजन असतो पण कोरडा असेल तरच, नाहीतर ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि जोड नंतर, कधी कधी दुसऱ्या दिवशी, आतून तडकतो. मिस्त्रींकडे रॉड भाजायचा ओव्हन होता, 300 डिग्रीच्या वर ठेवून तास-दीड तास. साध्या 6013 ने ग्रिल आणि गेट होतात, मी स्वतः केलेत, पण सस्पेन्शनला नको.

नवी प्लेट चासीच्या पत्र्याएवढ्याच जाडीची, साधी एमएस, म्हणजे माइल्ड स्टील. आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि तो आकार बघून माझा मित्र म्हणाला ही शंकरपाळी कशाला? तर ती शंकरपाळीच पाहिजे. उभी कड कुठेच नाही, दोन्हीकडे निमुळती, टोकं गोल, म्हणजे ताकद हळूहळू वाढते आणि हळूहळू कमी होते, एका रेघेवर ताण येत नाही. मधे भोकं पाडून ती वेल्डने भरली, चासीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर रॉड अजिबात नेला नाही. हँगरच्या बाजूला छोटं त्रिकोणी गसेट, म्हणजे कोपऱ्यातला आधाराचा पत्रा, त्याचा आतला कोपरा छाटून, नाहीतर तीन वेल्ड एकाच बिंदूवर येतात. आणि एका दमात नाही, इंचभर इकडे, इंचभर तिकडे, मधे हात लावता येईल इतकं गार होऊ द्यायचं. डाव्या-उजव्या हँगरमधून एक सरळ पाइप आरपार घालून ठेवला होता, तो मोकळा फिरतोय ना हे मिस्त्री दर वेळी बघायचे. एकदा अडकला, तर टॅक (तात्पुरते वेल्डचे टाके) कापून परत बसवलं, काही बोलले नाहीत.

डाव्या कमानीतला दुसरा पाटाही चिरलेला निघाला. मित्र म्हणाला आता मशीन चालूच आहे तर यालाही मारून घ्या एक टाका. मिस्त्रींनी मशीनच बंद केलं. पाट्याचं स्टील पाणी पाजलेलं, म्हणजे तापवून-गार करून कडक केलेलं असतं, वेल्ड लागल्यासारखं दिसतं पण शेजारी काचेइतकं ठिसूळ होतं. नाना पेठेतून नवा पाटा आणला, सोबत पाटे आवळून धरणारे नवे यू बोल्ट, कारण जुने एकदा ताणलेले असतात.

गाडी उघडलेली बघून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा सल्ला, आता लिफ्ट करूनच घे, म्हणजे गाडी उंच कर, पाटे अ‍ॅक्सलच्या वर टाक. नाही केलं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. ते सोडा, पाटे वर गेले की हाउसिंग गोल फिरायला बघतं, पाटा एस आकारात वाकतो, प्रॉपेलर शाफ्टचा अँगल बिघडतो, मग परत नवीन क्रॅक शोधत फिरा. ज्यांना हौस आहे त्यांनी करावं, मला गाडी चालवायचीय.

वेल्डवर झिंकचा प्रायमर नंतर मारायचा, आधी नाही, झिंकचा धूर छातीत गेला की रात्रभर ताप. चासीच्या आत वॅक्स स्प्रे, आणि खाली पाणी निघायची भोकं बुजलीत का ते तारेने बघितलं. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर खाली उतरवून मगच फायनल टाइट केले, हवेत लटकत असताना केले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. थोडं फिरून आल्यावर यू बोल्टला परत टॉर्क दिला, चांगले अर्धा-अर्धा आटा फिरले.

खर्चाचं म्हणाल तर प्लेट आणि रॉड किरकोळ, पैसे गेले मजुरीत आणि पाट्यात. ओढणं थांबलंय, आवाज गेलाय, दोन पावसाळी फेऱ्यांनंतर परत डाय मारून बघितली तर वेल्ड स्वच्छ. मागचे हँगर पण करायचेत, गंज तिकडे जास्त दिसतोय, पण मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलंय की पेट्रोलची टाकी उतरवून, गाडीपासून लांब नेऊन ठेवल्याशिवाय मशीन चालू करणार नाही. टाकीचे बोल्ट गंजलेत, त्यावर सध्या रोज सकाळी तेल मारतोय.